'सेलेंजर्स राउंड' : एका इंग्लिश नृत्यधुनेची पार्श्वभूमी

तंतुकार

व्हायोलिन शिकणाऱ्यांच्या हाती कधी ना कधी असा एखादा कागद येतो, ज्यावर स्वरलिपीच्या डोक्यावर धुनेचे नाव असते आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे एरवी संगीतकाराचे नाव छापतात तिथे, 'पारंपरिक, इंग्लिश' एवढेच दोन शब्द असतात. 'सेलेंजर्स राउंड' ही धून मराठी वादकांपर्यंत बहुधा अशीच पोहोचते. वाजवायला ती कठीण नाही आणि दोन-चार दिवसांत हातात बसते. पण 'पारंपरिक' या शब्दाआड जवळजवळ साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतका गुंतागुंतीचा आहे की त्यावर स्वतंत्र धागा काढावा असे मला वाटले.

सर्वांत भक्कम पुराव्यापासून सुरुवात करतो. इंग्लंडमधील विल्यम बर्ड या थोर संगीतकाराने (मृत्यू १६२३) या धुनेवर व्हर्जिनल या छोट्या पेटीवजा, पट्ट्यांनी वाजणाऱ्या तंतुवाद्यासाठी नऊ व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच धुनेची बदलत जाणारी रूपे, रचली. १५९१ च्या सप्टेंबरमध्ये जॉन बॉल्डविन या लेखनिकाने सुरेख हस्ताक्षरात पूर्ण केलेल्या 'माय लेडी नेव्हेल्स बुक' या हस्तलिखितात ती आहेत, आणि केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातल्या, जवळजवळ तीनशे रचना असलेल्या जाड हस्तलिखितातही आहेत. एखाद्या धुनेवर व्हेरिएशन्स रचायची, तर ऐकणाऱ्याला मूळ धून आधीच तोंडपाठ असावी लागते; नाहीतर रचनाकाराने कुठे काय बदलले हे कळणार कसे? म्हणून १५९१ हे धुनेच्या जन्माचे साल मानता येत नाही. त्या वर्षी ती घरोघरी ठाऊक होती, एवढेच त्यावरून निश्चित होते.

दुसरा पुरावा रंगभूमीवरचा आहे आणि मला तो अधिक बोलका वाटतो. टॉमस हेवुड याच्या 'अ वूमन किल्ड विथ काइंडनेस' या नाटकात (प्रयोग १६०३ च्या सुमारास, छपाई १६०७) लग्नघरातले नोकर आणि गावातल्या मुली अंगणात नाचायला जमतात, पण कोणते नृत्य करायचे यावर त्यांचे एकमत होत नाही. प्रत्येक जण आपल्या आवडीचे नाव पुढे करतो आणि दुसरा ते खोडून काढतो. अखेर कुणीतरी सर्वांच्या वतीने 'सेलेंजर्स राउंड'चे नाव घेतो आणि सगळे एका सुरात होकार देतात. नाटककाराने हे नाव तडजोडीचे म्हणून निवडले आहे, आणि तडजोडीला तेच नृत्य चालते जे सर्वांना येते. धुनेच्या लोकप्रियतेचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

या धुनेचे दुसरे नाव आहे 'द बिगिनिंग ऑफ द वर्ल्ड', म्हणजे जगाचा आरंभ. ते कसे पडले, याची गंमतीदार हकीकत १६०७ मध्येच छापल्या गेलेल्या 'लिंग्वा' या नाटकात येते. ते विद्यापीठीय वळणाचे नाटक टॉमस टॉमकिस याचे मानले जाते, आणि त्यात जीभ व पंचेंद्रिये यांचा वाद रंगवला आहे. त्यातले एक पात्र सांगते की ग्रहगोलांनी आपले संगीत प्रथम सुरू केले तेव्हा शुक्राने वरच्या पट्टीत ताना घेतल्या, शनीने खर्ज धरला, आणि त्यांनी वाजवलेली पहिली धून 'सेलेंजर्स राउंड' होती. तेव्हापासून तिला जगाचा आरंभ म्हणतात.

मात्र इथेच एक अडचण उभी राहते आणि या धाग्यात मला तिच्यावर चर्चा हवी आहे. हेवुडच्या त्याच प्रसंगात 'द बिगिनिंग ऑफ द वर्ल्ड' हेही नाव येते, पण वेगळी सूचना म्हणून आणि 'सेलेंजर्स राउंड'च्या बरेच आधी. दोन्ही एकच असते, तर त्या पात्रांना आधी नाकारलेले नृत्यच शेवटी एकमताने मान्य झाले असे म्हणावे लागेल. एकाच साली छापलेली दोन नाटके या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. माझे मत असे आहे की त्या काळात एका धुनेवर अनेक नृत्ये आणि एका नृत्याला अनेक धुना चालत असल्यामुळे नाव कधी धुनेचे असे, तर कधी पदन्यासाचे, आणि दोहोंची सरमिसळ सर्रास होई.

छापील नृत्यपुस्तकात ही धून बरीच उशिरा आली. लंडनमधल्या जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाने १६५१ मध्ये 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हे पुस्तक काढले. त्यात शंभराहून थोडी अधिक नृत्ये होती. प्रत्येक नृत्याची धून एका ओळीत आणि खाली पावलांच्या सूचना. नाट्यगृहे १६४२ पासून बंद होती, गावागावांतले मे महिन्याचे खांब, ज्यांच्याभोवती लोक नाचत, संसदेच्या १६४४ च्या आदेशाने उतरवले गेले होते, आणि तशा दिवसांत टेंपल चर्चच्या दाराशी दुकान थाटून बसलेला हा माणूस नाचाचे पुस्तक विकत होता. पुस्तक इतके चालले की १७२८ च्या सुमारापर्यंत त्याच्या अठरा आवृत्त्या निघाल्या. 'सेलेंजर्स राउंड' पहिल्या आवृत्तीत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आवृत्त्यांत ती दिसते. पुढील आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर या धुना 'ट्रेबल व्हायोलिन'वर वाजवण्यासाठी आहेत असे नमूद केलेले असे. म्हणून हिला व्हायोलिनची धून म्हणण्याला तरी छापील आधार आहे.

---

घाटवळण

लेख वाचून समाधान वाटले, विशेषतः पुरावा आणि आख्यायिका वेगवेगळ्या ठेवल्यामुळे. परंतु ज्या प्रश्नाची सर्वांत अधिक उत्सुकता असते त्याला आपण स्पर्श केलेला नाही. हा सेलेंजर कोण? 'सेंट लेजर' या आडनावाचा तो बोली उच्चार आहे असे वाचले आहे. पुण्याच्या रेसकोर्सवरची 'इंडियन सेंट लेजर' ही शर्यत ज्या डॉनकास्टरच्या शर्यतीवरून आली, तिचे नावही याच आडनावाच्या एका लष्करी अधिकाऱ्यावरून पडले. तो अठराव्या शतकातला, म्हणजे धुनेच्या मानाने फारच अलीकडचा. मग धुनेचा सेंट लेजर कोणता?

---

तंतुकार

घाटवळण, हा भाग मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण इथे तर्क पुष्कळ आहेत आणि आधार थोडा.

विल्यम चॅपेल याने १८५५ ते १८५९ या काळात जुन्या इंग्लिश लोकप्रिय संगीतावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने दोन उमेदवार पुढे केले आहेत. पहिला सर टॉमस सेंट लेजर. हा चौथ्या एडवर्ड राजाचा मेहुणा. १४८३ च्या बंडात सामील झाल्यामुळे त्याला एक्झेटर येथे देहदंड झाला आणि विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये त्याच्या पत्नीशेजारी त्याचे दफन झाले. दुसरा सर अँथनी सेंट लेजर. आठव्या हेन्रीने त्याला १५४० मध्ये आयर्लंडचा लॉर्ड डेप्युटी, म्हणजे तिथला राजप्रतिनिधी, नेमले आणि तो १५५९ मध्ये वारला. काळाचा हिशेब केला तर दुसरा अधिक जवळचा ठरतो. बर्डच्या रचनेआधी एक पिढी, म्हणजे धून पसरायला पुरेसा अवधी.

याच अँथनीचा धागा पकडून डब्ल्यू. एच. ग्रॅटन फ्लड यांनी १९०५ मधल्या आयरिश संगीताच्या इतिहासात ही धून मूळ आयरिश ठरवली. फ्लड यांची विद्वत्ता मोठी होती, तसेच त्यांचे देशप्रेमही. पण लॉर्ड डेप्युटी आयर्लंडमध्ये राहत होता एवढ्यावरून त्याच्या नावाची धून आयरिश ठरत नाही. एखाद्या सरदाराच्या घरच्या मेजवानीत ती वाजली असेल, एखाद्या नृत्यशिक्षकाने आश्रयदात्याला खूश करण्यासाठी ते नाव दिले असेल, किंवा त्या घराण्याच्या गावात ती प्रथम नाचली गेली असेल. धुनेला नाव चिकटायला अशी कितीतरी कारणे पुरतात. म्हणून मूळ पुरुषाचा शोध मला फारसा फलदायी वाटत नाही. ही धून कुणी, कुठे आणि कशासाठी वापरली, याचे पुरावे मात्र भरपूर आहेत, आणि तिची खरी पार्श्वभूमी मी त्यांनाच मानतो.

---

मिताक्षरी

सर जॉन हॉकिन्स यांनी १७७६ च्या आपल्या संगीतेतिहासात या धुनेला उपलब्ध असलेली सर्वांत जुनी कंट्री डान्सची (जोड्याजोड्यांनी करायच्या इंग्लिश समूहनृत्याची) धून म्हटले होते आणि चॅपेल यांनी ते मत आपल्याला मान्य नसल्याचे स्वच्छ लिहिले, याची इथे नोंद असावी. आजही अनेक ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर 'सर्वांत जुनी' हे विशेषण बिनदिक्कत छापलेले असते.

माझा मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे. आपण 'परंपरा' हा शब्द वापरता, तेव्हा गुरूकडून शिष्याकडे, बापाकडून मुलाकडे चालत आलेली गोष्ट असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. या धुनेच्या बाबतीत तसे झालेले नाही. मधली दोनशे वर्षे ती नाचाच्या अंगणातून जवळजवळ दिसेनाशी झाली होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रंथालयात बसलेल्या विद्वानांनी ती पुस्तकातून बाहेर काढली. पुस्तकातून आलेल्या गोष्टीला पारंपरिक म्हणावे काय?

---

तंतुकार

मिताक्षरी, आपला आक्षेप योग्य ठिकाणी आहे, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो.

सेसिल शार्प (१८५९–१९२४) यांचे नाव या पुनरुज्जीवनाशी कायमचे जोडले गेले आहे. १८९९ च्या नाताळानंतरच्या दिवशी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन इथे त्यांनी विल्यम किंबर या कॉन्सर्टिनावादकासह (कॉन्सर्टिना म्हणजे हातात धरायचे भात्याचे छोटे वाद्य) आलेला मॉरिस या इंग्लिश लोकनृत्याच्या नर्तकांचा चमू पाहिला, आणि तिथून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यांच्या 'द कंट्री डान्स बुक' या मालेचा पहिला भाग १९०९ मध्ये आला, तेव्हा त्यातली नृत्ये खरोखरच खेड्यांतल्या लोकांकडून गोळा केलेली होती. १९११ मधल्या दुसऱ्या भागापासून मात्र ते प्लेफर्डच्या पुस्तकाकडे वळले आणि जुन्या, त्रोटक सूचना वाचून त्या नृत्यांची पुनर्रचना करू लागले. त्याच वर्षी इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन झाली. १९३२ मध्ये ती १८९८ च्या फोक-साँग सोसायटीत विलीन होऊन आजची संस्था बनली, आणि तिचे लंडनमधले घर, सेसिल शार्प हाऊस, १९३० पासून उभे आहे. 'सेलेंजर्स राउंड' आज इंग्लंड-अमेरिकेतल्या नृत्यमंडळांत ज्या रूपात नाचतात ते शार्प यांच्या पुनर्रचनेचे रूप आहे. इथपर्यंत आपले म्हणणे मी पूर्ण मान्य करतो.

परंतु इंग्लंडमधल्या व्हायोलिनवादकांच्या बाबतीत 'तोंडी म्हणजे खरी परंपरा आणि लिखित म्हणजे उसनी' ही विभागणी टिकत नाही. तिथला गावचा फिडलर, म्हणजे लोकधुना वाजवणारा व्हायोलिनवादक, स्वरलिपी वाचतही असे आणि लिहीतही असे. हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर (१७९३–१८६४) स्वतः फिडल वाजवत असे आणि त्याने दोनशेहून अधिक धुना आपल्या वह्यांत उतरवून ठेवल्या. डॉर्सेटमधल्या टॉमस हार्डीच्या वडिलांनी आणि आजोबांनी स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये वादन केले, तसेच गावातल्या नाचांनाही साथ दिली, आणि त्या घरातल्या हस्तलिखित धुनवह्या आजही आहेत. अशा वह्यांत छापील पुस्तकातून उतरवलेली धून आणि शेजारच्या गावच्या वादकाकडून ऐकलेली धून एकाच पानावर, एकाच शाईत नांदतात. प्लेफर्डचे पुस्तकही ज्ञान कोंडून ठेवणारे नव्हते. नृत्यशिक्षक कोटाच्या खिशात मावेल असे 'किट' नावाचे छोटे व्हायोलिन घेऊन घरोघरी शिकवत, आणि हे पुस्तक त्यांच्या खिशातला आधार होते.

म्हणून मी असे म्हणेन की या धुनेची परंपरा खंडित आहे, पण खोटी नाही. ती लेखनातून टिकली आणि वादनातून पुन्हा उभी राहिली. आपल्याला तिच्या कागदावर 'पारंपरिक' हा शब्द पुरेसा वाटत नसेल, तर तो खोडण्यापेक्षा त्याच्यापुढे '१५९१ पूर्वी' असे लिहावे आणि पुनर्रचना करणाऱ्याचे नावही द्यावे, हा प्रामाणिक मार्ग आहे.

---

दूरदेशी

गेली काही वर्षे मी इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका नृत्यमंडळात जात असल्यामुळे या धुनेकडे खालून, म्हणजे पायांकडून, पाहण्याची सवय झाली आहे. इथे तिचे नर्तनाचे रूप सांगतो, कारण त्याशिवाय धुनेचा बांधा कळत नाही असे माझे ठाम मत आहे.

हे वर्तुळाकार नृत्य आहे; कितीही जोड्या सामील होऊ शकतात. पहिल्यांदा सगळे हात धरून आठ सरकत्या पावलांनी डावीकडे जातात आणि तितक्याच पावलांनी परत येतात. त्यानंतर येते ध्रुवपदासारखे आवर्तन: दोन 'सिंगल' घेत वर्तुळाच्या केंद्राकडे, 'डबल' घेत मागे आपल्या जागी, मग जोडीदाराकडे वळून 'सेट' (जागच्या जागी उजवीकडे-डावीकडे पाऊल), आणि स्वतःभोवती एक गिरकी; हे सगळे दोनदा. 'सिंगल' म्हणजे एक पाऊल टाकून दुसरा पाय जुळवणे. 'डबल' म्हणजे तीन पावले आणि चौथ्या ठोक्याला पाय जुळवणे. पुढच्या खेपांना सुरुवातीचा भाग बदलतो. एकदा सगळे पुढे-मागे जातात, एकदा 'साइडिंग' असते, एकदा दंडात दंड अडकवून फिरणे असते, आणि अखेरीस पुन्हा सरकते वर्तुळ. ध्रुवपद मात्र दर खेपेला तेच. त्यामुळे धून पाच वेळा वाजते आणि वादकाला पाचही वेळा ध्रुवपदापाशी तोच आनंद टिकवावा लागतो.

'साइडिंग'वर इथे अजूनही गंभीर वाद होतात. शार्प यांनी प्लेफर्डच्या 'साइड्स' या एका शब्दावरून जोडीदारांनी वळणदार वाटेने एकमेकांना ओलांडून जागा बदलायची आणि तसेच परत यायचे, असा अर्थ लावला. पुढच्या पिढीतल्या पॅट शॉ (१९१७–१९७७) यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुने दस्तऐवज पुन्हा तपासून असा निष्कर्ष काढला की जोडीदार नुसते खांद्याला खांदा येईपर्यंत पुढे येतात आणि मागे सरतात. आज काही मंडळांत एक रीत चालते, काही मंडळांत दुसरी, आणि नाच सुरू होण्याआधी आज कोणती रीत करायची हे पुकारणारा स्पष्ट सांगतो. प्लेफर्डच्या काळच्या वाचकाला त्या एका शब्दाचा अर्थ सांगण्याची गरजच नव्हती, म्हणून तो सांगितलेला नाही. पुस्तकातून परंपरा उचलताना नेमके काय निसटते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. मिताक्षरींच्या आक्षेपाला त्यातून थोडे बळ मिळते, हेही मान्य करतो.

---

सुरंगी

या चर्चेत बर्डची रचना थोडी मागे पडली आहे, म्हणून लिहिते. मी पियानो शिकवते आणि 'माय लेडी नेव्हेल्स बुक'मधल्या निवडक रचना विद्यार्थ्यांकडून करून घेते.

बर्ड कॅथलिक होता आणि प्रोटेस्टंट राणीच्या, म्हणजे पहिल्या एलिझाबेथच्या, चॅपेल रॉयल या दरबारी उपासनावृंदात सेवेत होता. त्याच्या लॅटिन उपासनासंगीतात जो ताण जाणवतो त्याचा इथे मागमूसही नाही. पहिल्या व्हेरिएशनमध्ये धून साधी आणि ओळखीची येते. मग हळूहळू डाव्या हाताला स्वतंत्र आवाज मिळतो, मधल्या स्वरांत प्रश्नोत्तरे सुरू होतात, जलद स्वरांच्या माळा धुनेला झाकून टाकतात. मात्र खालची स्वरसंगतीची चौकट हलत नाही. तो नाचाचा पाया आहे आणि बर्डने त्याला धक्का लावलेला नाही. राजदरबारातल्या इतक्या मोठ्या रचनाकाराला अंगणातली धून इतक्या आदराने हाताळावीशी वाटली, यात त्या समाजाविषयी पुष्कळ काही सांगितले जाते. दरबार आणि अंगण यांच्यात आपण समजतो तेवढी उंच भिंत नव्हती. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पेपीज आपल्या रोजनिशीत १६६२ च्या ३१ डिसेंबरला व्हाइटहॉल राजवाड्यातल्या नाचाचे वर्णन करतो, तेव्हा फ्रेंच वळणाच्या नृत्यांनंतर दुसरा चार्ल्स राजा स्वतः एका जुन्या इंग्लिश कंट्री डान्सचे नाव पुकारतो आणि स्वतःच तो सुरू करतो.

एक आधुनिक संदर्भही द्यावासा वाटतो. १९५३ मध्ये, दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, इंग्लंडमधल्या ऑल्डबरा संगीत महोत्सवासाठी बेंजामिन ब्रिटन यांनी एक संयुक्त रचना घडवून आणली. मूळ विषय हीच धून, बर्डच्या रचनेवरून इमोजेन होल्स्ट यांनी तंतुवाद्यांसाठी बेतलेली. आणि तिच्यावर ब्रिटन, लेनक्स बर्कली, आर्थर ओल्डम, मायकल टिपेट, हंफ्री सर्ल व विल्यम वॉल्टन अशा सहा जणांनी एकेक व्हेरिएशन लिहिले. टिपेट यांनी आपल्या व्हेरिएशनपासून पुढे 'डायव्हर्टिमेंटो' ही स्वतंत्र रचना वाढवली. पहिल्या एलिझाबेथच्या काळातल्या धुनेने दुसरीच्या राज्याभिषेकाला मानवंदना द्यावी, ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

---

काठपदर

थोडे विषयाच्या कडेला जाऊन एक नोंद करतो. इंग्लिश धुना आणि व्हायोलिन यांचा मराठी माणसांशी संबंध जोडायचा, तर तंजावरला जावे लागते. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाळ १७९८–१८३२) यांच्या दरबारात पाश्चात्य वाद्यवृंद होता. त्याच काळात त्या मुलखात युरोपीय बँडच्या धुना ऐकून मुत्तुस्वामी दीक्षितरांनी त्यांवर संस्कृत शब्द बांधले, ज्यांना 'नोट्टुस्वर' म्हणतात. 'संततं पाहि माम्' हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण ब्रिटिश राष्ट्रगीताच्या चालीवर आहे. 'सेलेंजर्स राउंड' त्यांत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पण एका धुनेवरचे मूळ नाव, शब्द आणि प्रयोजन गळून पडून दुसरे कसे चढते, हे तिथेही दिसते. त्यामुळे 'जगाचा आरंभ' आणि 'सेलेंजर्स राउंड' या दोन नावांचा गोंधळ मला मुळीच अनैसर्गिक वाटत नाही. तंतुकारांचे स्पष्टीकरण मला पटते.

---

मिताक्षरी

काठपदर, त्या स्पष्टीकरणाला एक पुरवणी जोडता येईल. 'लिंग्वा'तला ग्रहगोलांचा उल्लेख हा विनोद आहे, आणि विनोदाला आधार म्हणून दुसरे नाव प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक असले पाहिजे. म्हणजे नाटककाराने ते नाव निर्माण केले नाही; रूढ नावाला त्याने एक चमत्कारिक उत्पत्ती जोडली. हेवुडने मात्र नावांची यादी वाढवण्यासाठी दोन्ही नावे वापरली असावीत, कारण त्या प्रसंगाचा सगळा रस भांडणाच्या लांबीत आहे. नाटककाराच्या सोयीला आपण कोशकाराची अचूकता चिकटवू नये. एवढ्यापुरती दोन्ही नाटकांतली विसंगती माझ्या मते मिटते.

आणि 'परंपरा' या शब्दाबद्दल: '१५९१ पूर्वी' ही तंतुकारांची सूचना मी स्वीकारतो.

---

घाटवळण

आता प्रत्यक्ष वादनाबद्दल कुणी लिहील काय? ही धून सहा-आठच्या मापात आहे. माझ्या कानाला ती दादऱ्यासारखी लागते आणि वाजवताना हात तिकडेच वळतो. तसे वाजवणे योग्य की अयोग्य?

---

तंतुकार

सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग, इथपर्यंत दादऱ्याशी तुलना बरोबर आहे. फरक दुसऱ्या भागात पडतो. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर 'खाली' (टाळीविना जाणारी मात्रा) येते आणि तिथे वजन कमी होते. इथे मात्र चौथ्या मात्रेवरही नर्तकाचा पाय जमिनीवर पडतो, त्यामुळे तिथली उठावदार धार कमी करून चालत नाही. पहिली मात्रा किंचित जड आणि चौथी तिच्या पाठोपाठची, असे दोन खरे ठोके ऐकू आले पाहिजेत. शिकताना तबल्याऐवजी कुणाला तरी दोन पायांवर चालायला लावावे.

गजाच्या बाबतीत अडचण लांब-आखूड स्वरांच्या जोड्यांची आहे. लांब स्वर खाली आणि आखूड स्वर वर असे वाजवत गेल्यास गज हळूहळू टोकाकडे सरकतो, कारण खाली जाताना जास्त लांबी खर्च होते. त्यावर उपाय म्हणजे वर येणारा आखूड स्वर कमी दाबाने पण वेगाने घेणे, म्हणजे तो हलका राहतो आणि गजही मूळ जागी परततो. प्लेफर्डच्या काळात व्हायोलिनला हनुवटीचा आधार नव्हता. तो लुई श्पोर यांनी १८२० च्या सुमारास आणला. वाद्य छातीशी किंवा खांद्यावर सैल धरलेले असे आणि गज आजच्यापेक्षा आखूड व बाहेरच्या अंगाला वाकलेला असे. त्यामुळे लांब, सलग, कंपयुक्त स्वरांपेक्षा आटोपशीर आणि मोकळे स्वर त्या वाद्याला सहज जमत. आजच्या वाद्यावरही गजाचा मधला भाग वापरून आणि कंपन जवळजवळ वगळून तो परिणाम साधता येतो.

---

दूरदेशी

यात नर्तकांच्या बाजूची एक सूचना. आमच्याकडे मिनिटाला सुमारे ११० ते १२० ठोके ही चाल सोयीची ठरते. त्याहून जलद वाजले की आठ सरकत्या पावलांचे वर्तुळ फाटते आणि मागच्या जोड्या धावू लागतात. सावकाश वाजले की गिरकी लवकर संपून सगळे ताटकळत उभे राहतात. वर्तुळात जोड्या जास्त असतील, तर केंद्राकडे जाणारी पावले मोठी घेता येतात, पण तीन-चारच जोड्या असतील तर ती आखडावी लागतात. अनुभवी फिडलर वाजवण्याआधी जोड्या मोजतो आणि त्याप्रमाणे चाल ठरवतो. शार्प यांच्या व्याख्यान-प्रात्यक्षिकांना व्हायोलिनची साथ करणाऱ्या एल्सी एव्हरिल यांच्यासारख्या वादकांमुळे हे भान पुनरुज्जीवनाच्या काळातही व्हायोलिनकडे राहिले, एरवी शार्प यांनी धुनांना पियानोची साथ लिहून छापल्यामुळे बरेच वर्ग नुसत्या पियानोवर चालत.

घाटवळण, आपण ज्या प्रतीवरून वाजवता तिच्यात पुनरावृत्तीच्या खुणा कुठे आहेत ते एकदा पाहावे. काही सोप्या प्रतींत दुसऱ्या भागाची पुनरावृत्ती गाळलेली असते; तशी प्रत नाचासाठी वापरली, तर ध्रुवपद एकदाच होते आणि नर्तक केंद्राकडे दुसऱ्यांदा निघालेले असताना वादक पुढच्या खेपेला पोहोचलेला असतो.